सही जुळत नाही

६ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार शेवटी लिहीन, आधी काम. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने भरतोस, म्हणून हे पत्र. शिवाय सोबत एक फॉर्म आहे, त्यावर तुझी सही हवी.

आपल्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आता शिकवण्यापलीकडे गेली आहे. परवा एक बाई दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायला निघाल्या आणि गिअरचा दांडाच हातात घेऊन बसल्या. "मॅडम, हा परत कुठे लावायचा?" असं अगदी शांतपणे विचारलं त्यांनी. मेकॅनिक गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "ताई, ही गाडी पत्र्यावर नाही, नुसत्या रंगावर उभी आहे." बावीस वर्षं झाली तिला. तपासणीत आता कोणी पास करणार नाही. भंगारात द्यायची ठरवली आहे.

नवी गाडी पाहून ठेवली आहे, पण मेख अशी. स्कूलच्या परवान्यावर एकच गाडी चढते. जुनीची नोंदणी रद्द झाल्याशिवाय नवी चढणार नाही, आणि परवान्यावर चालती गाडी नसेल तर २८ फेब्रुवारीला परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. म्हणजे स्कूलला कुलूप. सहा वर्षांपूर्वी तू स्कूल माझ्या नावावर केलंस आणि गाडी मात्र तुझ्याच नावावर राहिली, कारण त्या आरटीओ ऑफिसात आणखी एक खेप घालायचा दोघांनाही कंटाळा आला होता. आता भोग त्या कंटाळ्याची फळं.

वहिनी असती तर हे काम एका सकाळी उरकून घरी आली असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तरी त्या ऑफिसातला शिपाई अजून मला विचारतो, "त्या फाइलवाल्या बाई येत नाहीत का?" स्कूलचे सगळे कागद तिच्याच हातचे. मी आपली या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतेय.

फॉर्मवर पेन्सिलीने फुली मारली आहे तिथे सही कर आणि लगेच पाठव. गुडघे कसे आहेत? नमस्कार.

धाकटी

११ जानेवारी

धाकटीस आशीर्वाद.

सही करून फॉर्म सोबत पाठवला आहे.

आता नीट वाच. भंगारवाला म्हणेल, "ताई, गाडी आज नेतो, कागदाचं नंतर बघू." नंतर कोणी बघत नसतं. स्टँडसमोरच्या स्कूलवाल्याने आपली व्हॅन अशीच दिली होती. व्हॅनचे तुकडे झाले, तुकडे वितळलेसुद्धा, पण कागदावर ती धावतच होती. तीन वर्षांनी त्याला कराची नोटीस आली. बिचाऱ्याला गाडी दाखवता येईना आणि गाडी नाही हेही दाखवता येईना. अजून नसलेल्या गाडीचा मालक म्हणून जगतोय.

तेव्हा क्रम असा. आधी अर्ज. मग ऑफिसचा माणूस येऊन चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेईल, तो गाडीच्या नोंदणी बुकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. मग तुझ्या डोळ्यांसमोर गॅस कटरने चासीचा नंबराचा तुकडा कापून घ्यायचा. तो तुकडा, दोन्ही नंबर प्लेटा आणि गाडीचं बुक खिडकीवर जमा करायचं. रद्द झाल्याचा दाखला हातात पडला की मग बाकीची गाडी भंगारवाल्याची. घाई करायची नाही. आरसा, सिग्नल, मग वळण. शिकणाऱ्यांना सांगतेस तेच स्वतः कर.

गुडघे त्या गाडीच्याच वयाचे झाले आहेत, पण त्यांची नोंदणी रद्द करता येत नाही. बाकी ठीक.

दादा

१९ जानेवारी

ती. दादास,

सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात ते उगाच नाही. अर्ज परत आला. शेरा आहे: "मालकाची सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी जुळत नाही."

खिडकीवर एक चष्मेवाली बाई असते. स्वभावाने वाईट नाही. तिने मूळ फाइल काढून दाखवली. जुनी सही कशी ऐसपैस, पहिल्या अक्षराला मोठा वळसा, खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. आणि तू आता पाठवलेली बघ. मुंगी शाईत बुडून कागदावरून चालत गेली असावी. ती बाई म्हणाली, "ही दोन माणसं वाटतात हो." मी म्हटलं, माणूस एकच आहे, फक्त आळशी झालाय.

जुन्या सहीची झेरॉक्स सोबत पाठवते, म्हणजे आठवेल. नवा फॉर्मही आहे. आधी कोऱ्या कागदावर चार वेळा गिरव, मग फॉर्मवर कर. भंगारवाला दोनदा येऊन गेला. तू सांगितलेलं वाक्य शब्दाला शब्द बोलला. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

धाकटी

२४ जानेवारी

धाकटीस आशीर्वाद.

पुन्हा सही केली आहे. जमली तेवढी जमली. माणसाबरोबर त्याची सहीही म्हातारी होते, हे त्या चष्मेवाल्या बाईला अजून कळायचं असेल. तिचं वय काय?

माझं ऐकशील तर एक सुचवतो. या गाडीच्या नादी लागूच नकोस. ती राहू दे मागे उभी, खात नाही की पीत नाही. तू दुसऱ्या कोणाच्या चालू स्कूलमध्ये वर्षभर शिकव, आणि मग स्वतःच्या नावाने नवा परवाना काढ, नव्या गाडीसकट. जुनी फाइल पुन्हा पुन्हा उघडायला लावण्यात काय हशील आहे? हात दाखवून अवलक्षण कशाला.

दादा

३१ जानेवारी

दादा,

दुसरा अर्जही परत आला. तू वळसा काढलास, रेघ काढलीस, टिंबंही दिलीस, पण ती सही नाही, सहीचं चित्र आहे. बाईने भिंगाखाली धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे कोणीतरी बघून बघून काढलंय." माझ्याकडेच संशयाने बघायला लागली. 

आता दोन वाटा आहेत. एक, तू नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून दे, की जुन्या फाइलमधली सही माझीच आहे आणि वयोमानाने ती बदलली. दुसरी, तू स्वतः ओळखपत्र घेऊन खिडकीवर ये. अकरा तासांचा बसप्रवास आहे, तुझे गुडघे मला माहीत आहेत, म्हणून प्रतिज्ञापत्र कर. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि तुझ्या त्या सल्ल्याबद्दल. तीस-बत्तीस बायका माझ्याकडे नाव नोंदवून आहेत, त्यांना सोडून मी दुसऱ्याच्या दारात नोकरीला जाऊ? नवा परवाना वर्षभरात मिळतो हे तुला कोणी सांगितलं? खरं सांग, तुला ती गाडी मोडवत नाहीये. तुझी स्वतःची पहिली गाडी, तिच्यात तू गावातली अर्धी माणसं रस्त्याला लावलीस, सगळं मान्य. पण पत्र्याच्या प्रेमापोटी बहिणीचं स्कूल बुडवणार का तू?

जुनी सही काय मला माहीत नाही? माझं शिक्षकाचं प्रमाणपत्र निघालं तेव्हा त्याच्या शिफारशीवर हीच सही होती. हाच वळसा, हीच दोन टिंबं. तेव्हा गावात एकही बाई गाडी शिकवत नव्हती. सगळे हसले होते, तू एकटा नाही हसलास, तू सही केलीस. त्या शिफारशीची प्रत मी फ्रेम करून टेबलामागे लावली आहे. एकोणीस वर्षं रोज बघते. नवी बाई स्टिअरिंगला हात लावायला घाबरली की तिला त्या फ्रेमसमोर नेते आणि सांगते, माझ्या दादाने विश्वास टाकला म्हणून मी इथे आहे, आता मी तुझ्यावर टाकते.

त्या दादाला माझा निरोप सांग. म्हणावं, आणखी एक सही कर.

धाकटी

१३ फेब्रुवारी

दादा,

तेरा दिवस झाले, उत्तर नाही. शेजारच्यांना फोन करून विचारलं, तू रोज सकाळी फिरायला जातोस म्हणाले. म्हणजे तब्येत बरी आहे आणि पत्र मिळालं आहे.

पंधरा दिवस उरले. गाडी ठोकळ्यांवर उभी आहे, शिकवणं बंद आहे. चौघीजणी दुसऱ्या स्कूलला गेल्या. प्रतिज्ञापत्र करणार नसशील तर तसं सरळ लिही. मग मी पुढचं बघेन. निदान वाट तरी बघायला लावू नकोस.

धाकटी

१७ फेब्रुवारी

धाकटे,

वाट बघायला लावली, त्याबद्दल आधी माफी मागतो. रागावू नकोस असं म्हणत नाही. पत्र पुरं वाच मात्र.

फाइलमधली सही माझी नाही. तुझ्या वहिनीची आहे. गाडी नोंदवायची होती त्या दिवशी मी दुसऱ्याच्या स्कूलमध्ये शिकवायला निघालो होतो आणि खिडकी एक वाजता बंद होणार होती. मीच तिला म्हटलं, तूच कर माझ्या नावाची सही, कोण बघतंय. वळसा तिचा, रेघ तिची, टिंबं तिची. त्यानंतर त्या ऑफिसात माझ्या नावाची प्रत्येक सही तिनेच केली. मी गाडी बघायचो, कागद ती बघायची. माझी सही पहिल्यापासून मुंगीसारखीच आहे. तू ती कधी पाहिलीच नव्हतीस.

आता प्रतिज्ञापत्र. "फाइलमधली सही माझीच" असं लिहून दिलं तर ती शपथेवर थाप झाली. "माझी नाही" असं लिहिलं तर बाई विचारेल, मग या सहीचे आणखी कोणकोणते कागद आहेत. आणि तुझ्या प्रमाणपत्राच्या शिफारशीवर तीच सही आहे. गाडी सोडवायला जावं आणि तुझं शिकवणंच जप्त व्हावं, ही भीती. म्हणून ती फाइल नकोच म्हणत होतो. गाडीचा मला लोभ नाही. गाडी लोखंड आहे.

इथवर लिहून पत्र दोनदा बंद केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तू फ्रेमचं लिहिलंस, तेव्हापासून ती मूठ काही झाकून राहत नाही. म्हणून लिहितो.

तुझ्या शिफारशीला मी नाही म्हटलं होतं. तुला नाही, वहिनीला. तुझा फॉर्म माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, सही करा. मी म्हटलं, बाई शिकवणार म्हटल्यावर पुरुष यायचे बंद होतील, स्कूल बसेल, आणि तिच्या हातून एखादी गाडी ठोकली गेली तर नाव माझं जाईल. फॉर्म तीन दिवस टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी नव्हता. मला वाटलं, तिने आवरून ठेवला. महिन्याभराने तू प्रमाणपत्र नाचवत आलीस आणि माझ्या गळ्यात पडलीस. मी तुझ्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती आपली शिकाऊंची कार्डं लावत बसली होती. तू गेल्यावर मी आवाज चढवला. ती म्हणाली, "तुमच्या नावाने इतक्या सह्या केल्या, एक शहाणपणाची केली."

हसणाऱ्यांत मी नव्हतो हे खरं. मी त्यांच्यापेक्षा वाईट होतो, कारण त्यांच्या हसण्याने तुझं काही अडत नव्हतं.

बावीस तारखेच्या बसने निघतो. खिडकीवर स्वतः उभा राहतो. बाई विचारेल त्याचं तेव्हा बघू. तू काही बोलू नकोस.

दादा

६ मार्च

दादा,

नवी गाडी २६ तारखेला परवान्यावर चढली. दुसऱ्या दिवशी, २७ला, नूतनीकरणही झालं. रद्द झाल्याचा दाखला फाइलला लावला आहे, त्याची प्रत तुला पाठवते. ती जपून ठेव, तू नसलेल्या गाडीचा मालक राहिला नाहीस याचा तो पुरावा आहे.

एवढी धास्ती घेतलीस आणि खिडकीवर काय झालं, तर अकरा मिनिटं. बाईने तुझ्याकडून कोऱ्या कागदावर तीन सह्या करून घेतल्या, ओळखपत्राशी ताडून पाहिल्या, जुन्या फाइलकडे बघितलंसुद्धा नाही. "मालक समोर उभा असताना फाइल कशाला," म्हणाली, आणि शिक्का मारला. तुला ते ऐकू गेलं नाही. तू आपला कडक इस्त्रीच्या शर्टात, परीक्षेला बसल्यासारखा उभा.

भंगाराच्या आवारात कटरवाल्याने नंबराचा तुकडा कापला, तोवर तू बाजूला थांबलास. मग शिक्षकाच्या सीटवर बसून तुझ्या बाजूचा ब्रेक एकदा दाबून पाहिलास. मी पाहिलं. दोन दिवस आपण जेवलो, झोपलो, चहा प्यायलो, गुडघ्यांवर बोललो, पत्रावर बोललो नाही. तू बसमध्ये चढलास तेव्हा मला वाटलं, आता बोलेन. पण बस सुटली.

म्हणून लिहिते. तू नाही म्हटलंस याचा राग एक दिवस आला आणि गेला. तेव्हा तू तसा होतास, सगळेच तसे होते. दुसरा राग जात नाही. मी एकोणीस वर्षं तुझे आभार मानले. दरवर्षी, प्रत्येक नव्या शिकणारीसमोर, आणि कित्येकदा वहिनीसमोर. ती तिथेच असायची, कार्डं लावत. मी म्हणायचे, दादा होता म्हणून. ती मान हलवायची. एकदाही मी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. ती आजारी होती तेव्हा मी तिचं अंथरूण बदललं, तिची औषधं दिली, आणि आभार तुझे मानत राहिले. तू खुर्चीत बसून ते ऐकत होतास. तिला सांगायची संधी माझ्याकडून गेली ती तुझ्यामुळे. हे मी विसरेन असं मला वाटत नाही.

फ्रेम काढली नाही. तिच्यासमोर आता बायकांना दुसरी गोष्ट सांगते.

पण ज्या कागदावर मी उभी आहे तो आता मला टोचतो. माझ्या प्रमाणपत्राची मुदत पुढच्या महिन्यात संपते. नुसतं नूतनीकरण करता येतं, पण मी ते करणार नाही. नव्याने अर्ज करते, नव्या शिफारशीसकट. दहा वर्षं शिकवलेल्या कोणाचीही चालते. स्टँडसमोरचा स्कूलवाला आनंदाने देईल, त्याने तसं सांगितलंही आहे. तरी फॉर्म आधी तुला पाठवते. भिडेखातर काही करू नकोस. द्यायची नसेल तर कोरा परत पाठव, मी त्याच्याकडे जाईन आणि आपल्यात काही बिघडणार नाही. आहे त्याहून जास्त.

धाकटी

१५ मार्च

धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नाही, त्यामुळे बाजू मांडायला काही उरलं नाही. माझं चुकलं. पहिल्यांदा चुकलं ते तीन दिवस, दुसऱ्यांदा एकोणीस वर्षं.

एक सांगतो, सुटका करून घ्यायला नाही, ते तिचं आहे म्हणून. मी एकदा वहिनीला विचारलं होतं, धाकटीला सांगून टाकू का. ती म्हणाली, "नको. दादाने सही केली म्हणून ती मान ताठ ठेवून शिकवते. मी केली असं कळलं तर रोज तुमच्याकडे बघून शिकवेल." मला ते सोयीचं होतं, म्हणून ऐकलं. तिचं दुसरं काही मी इतक्या चटकन ऐकल्याचं आठवत नाही.

फॉर्म भरला. नाव, लायसन्स नंबर, शिकवण्याचा अनुभव अडतीस वर्षं. सातव्या रकान्यात अडलो. तिथे विचारलं आहे, "शिफारस करणाऱ्याने उमेदवारास शिकवताना प्रत्यक्ष पाहिले आहे काय?" तुझ्या वहिनीने मागे तिथे "होय" लिहिलं असणार, आणि ते खरं होतं. प्रमाणपत्राआधी तू सरावासाठी ओळखीच्या बायकांना शिकवायचीस तेव्हा ती मागच्या सीटवर बसून यायची. मी कधी बसलो नाही. स्कूल तुझ्या नावावर केलं तेव्हासुद्धा नाही. फाटकातून गाडी बाहेर पडली की मी वळून आत जायचो.

आता तिथे "होय" लिहिलं तर तीही थापच. ती एक मी तुझ्या कागदावर चढू देणार नाही. "नाही" लिहिलं तर फॉर्म बाद. म्हणून रकाना कोरा ठेवला आहे आणि सहीही केलेली नाही.

सोमवारच्या बसने येतो. मंगळवारी सकाळी तुझा जो पहिला तास असेल, त्याला नव्या गाडीत मागे बसतो. शिकणारीला सांगून ठेव, म्हातारा बहिरा आहे, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मी तोंड उघडणार नाही. गाडी बंद पडली तरी नाही. सही त्यानंतर करीन.

दादा